पळसचा डावा डोळा

रागिणी काळमेघ आमच्या घरी रक्त घ्यायला येते. माझ्या साखरेची तपासणी दर तीन महिन्यांनी असते आणि राजापेठेतल्या लॅबमधून सकाळी सातला ती स्कूटीवर हजर होते. वय छत्तीस-सदतीस, उंच, काटक, उन्हानं रापलेली. सुई टोचलेली कळत नाही, इतका तिचा हात हलका. एकदा तिच्या बुटांना चिखल आणि गवताच्या काड्या चिकटलेल्या पाहून आमची कुंदा म्हणाली, "अगं, सकाळी सकाळी कुठल्या शेतातून येतेस?"

"घोड्याकडून, काकू," ती म्हणाली आणि माझ्या दंडाला पट्टा आवळला.

मी निवृत्त मास्तर. मला बोलायला माणूस हवंच असतं. त्या दिवसापासून दर खेपेला थोडं थोडं करत तिनं मला तिच्या घोड्याबद्दल सांगितलं. काही कौतुकानं सांगितलं, काही रडत. ते सगळं एका ओळीत लावून इथं लिहितो आहे.

नागपूरला लॅबचा कोर्स करत असताना ती एका रायडिंग क्लबात जाऊ लागली. सुरुवातीला मैत्रिणीबरोबर गंमत म्हणून, मग मैत्रीण सुटली आणि ही राहिली. नोकरीसाठी अमरावतीला परत आल्यावर दहा वर्षं तिनं घोड्याला हात लावला नाही. लग्नाची बोलणी झाली, फिसकटली, पुन्हा झाली, पुन्हा फिसकटली. शेवटी घरात तो विषयच बंद झाला. तेव्हा एके दिवशी तिनं वडिलांना सांगितलं की मला घोडा घ्यायचा आहे.

वडील नत्थुजी म्हणजे काळ्या मातीचा माणूस. बडनेऱ्याच्या पुढं, रेल्वेलाईनच्या पलीकडे त्यांचं वावर आहे. तूर, सोयाबीन, थोडी संत्री. त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाले, "घोडा कायले पाहिजे? वखराले तं चालत नाई थो."

"उड्या माराले, बाबा."

"कोणाच्या अंगावरून?"

पुण्याच्या शर्यतींमध्ये शेवटून पहिला-दुसरा येणारा एक सात वर्षांचा घोडा असा काळमेघांच्या वावरात आला. तांबूस केशरी रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका. कागदावर त्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. आई सुभद्रा त्याला पिकअपमधून उतरताना पाहून म्हणाली, "हे तं पयसाचं झाड चालत येऊन राह्यलं." तेव्हापासून तो पळस.

घोडा आणणं सोपं होतं. त्याला उड्या मारायला जागा करणं अवघड होतं. आपली माती पावसाळ्यात डिंकासारखी पायाला धरते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की घोड्याचा पाय अडकून मोडावा. शेवटी धुऱ्याजवळचा, बांधालगतचा एक तुकडा खणून, त्यात मुरूम आणि वर रेती टाकून रागिणीनं रिंगण केलं. बांबूंना लाल-पांढरा रंग दिला. तेलाचे रिकामे पिंप, ट्रॅक्टरचे जुने टायर, आईच्या जुन्या लुगड्यांनी मढवलेल्या फळ्या असे तिचे अडथळे. आगगाडीतले लोक खिडकीतून बघत जायचे.

तिची सकाळ साडेचारला सुरू व्हायची. लीद काढायची, पाणी बदलायचं, घोडा घासायचा, पाऊण तास त्याच्यावर बसायचं, मग त्याला थंड करून बांधायचं आणि साडेसहाला स्कूटी लॅबकडे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की गोठ्याला ओल्या पोत्यांचे पडदे. संध्याकाळी पुन्हा तेच. महिन्यातून एकदा पिकअप भाड्यानं करून ती पळसला अकोल्याला न्यायची. तिथं बार्शीटाकळीच्या रस्त्यावर शेखर सरांचं रिंगण आहे. शेखर सर म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले दफेदार. घोड्यांच्या तुकडीत वीस वर्षं काढलेले, आवाज असा की दोन वावरांपलीकडे ऐकू जावा.

दीड वर्षात दोघं तयार झाले. नागपूरच्या एका स्पर्धेत ऐंशी सेंटिमीटरच्या गटात त्यांनी एकही पोल, म्हणजे अडथळ्यावरचा आडवा बांबू, न पाडता फेरी पूर्ण केली. पुढच्या वर्षी नव्वद. तिला बक्षिसाचं फार नव्हतं. ती मला म्हणाली होती, "काका, उडी मारायच्या आधी तो कान पुढं करतो ना, त्या वेळी त्याच्या मनात काय आहे ते मला कळतं. जगात दुसऱ्या कुणाच्याच मनातलं मला इतकं स्वच्छ कळत नाही."

पुढं या वाक्याचाच तिला सगळ्यांत जास्त त्रास झाला.

२०२३च्या श्रावणात पळसचा डावा डोळा पाझरू लागला. माश्या फार होत्या. तिनं डोळा कोमट पाण्यानं पुसला, माश्यांसाठी जाळी बांधली, आठवड्यात पाझर थांबला. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच झालं, पुन्हा थांबलं. तिनं मनावर घेतलं नाही. पावसाळ्यात गुरांचे डोळे येतातच.

दिवाळीच्या सुमारास पळस पोल पाडू लागला. समोरून सरळ येणारा अडथळा तो ठीक मारायचा; डावीकडे वळून घ्यायचा अडथळा आला की कधी लवकर उडायचा, कधी उशिरा, आणि मागच्या पायांनी बांबू खडखडत खाली. डावीकडे वळायलाच तो नाखूष असायचा. मान डावीकडे वाकडी करून चालायचा.

शेखर सरांनी अकोल्याला दोन फेऱ्या पाहिल्या आणि निदान केलं. "तुझा डावा हात जड झालाय. त्याचं तोंड दुखवतेस तू. घोड्याची काही चूक नाही, तुझी आहे."

तिला ते पटलं, कारण स्वतःची चूक शोधायची तिला सवय होती. दीड महिना तिनं दुसरं काही केलं नाही. रोज डावीकडची वळणं. डावं, डावं, डावं. पळस घामेजून जायचा, कान मागं पाडायचा. तो हट्टी झालाय असं तिला वाटू लागलं. आणि घोड्याचा हट्ट वेळीच मोडला नाही तर तो कायमचा राहतो, हे तिनं नागपूरलाच शिकलेलं होतं.

डिसेंबरात नागपूरला स्पर्धा होती. पहिले तीन अडथळे नीट गेले. चौथा डावीकडे तीव्र वळून घ्यायचा होता. वळण संपता संपता अडथळा समोर आला आणि पळस चारही पाय रोवून उभा राहिला. ती त्याच्या मानेवर आपटली. पंचांनी खूण केली: एक नकार. दुसऱ्या नकाराला बाद.

मांडवातून कुणीतरी ओरडलं, "दाखव त्याला!"

रागिणीनं चाबूक घेतला आणि त्याच्या डाव्या खांद्यावर दोन सणसणीत ओढले. चार वर्षांत तिनं त्याला असं कधी मारलं नव्हतं. पळस अंगावर वीज पडावी तसा दचकला. मग तिनं त्याला फिरवून पुन्हा आणलं, टाचा लावल्या, आणि तो गेला. उडी मारलीच नाही. सरळ पोलांमधून गेला. गुडघ्यांवर पडला, ती त्याच्या डोक्यावरून पलीकडे. घंटा वाजली. तिला फारसं लागलं नव्हतं. पळसचे दोन्ही गुडघे सोलले होते आणि तो थरथरत, लगाम लोंबकळत, होता तिथंच उभा होता.

"मला त्याचा राग आला होता, काका," ती मला म्हणाली. "येताना पिकअपमध्ये मी त्याच्याजवळ बसलेसुद्धा नाही. पुढं ड्रायव्हरशेजारी बसले."

चार दिवसांनंतरची गोष्ट. गुडघ्यांना मलम लावायला ती संध्याकाळी वावरात गेली तेव्हा नत्थुजी गोठ्यात उभे होते.

"रागिणी, इकडं ये," ते म्हणाले. "पाह्य. याच्या डाव्या अंगाले मी हरभऱ्याचं कुटार टाकलं, तं हा खाऊन नाई राह्यला."

"भूक नसन त्याले."

"भूक कशी नाई? उजव्या अंगाचं सारं चाटूनपुसून खाल्लं ना त्यानं." नत्थुजींनी आपला पंजा पळसच्या डाव्या डोळ्यासमोर आणला, वारा लागणार नाही अशा बेतानं हळूच हलवला. पापणी हलली नाही. "याले या डोयानं दिसत नाई, माय."

"काईबी नका सांगू बाबा. घोडा हाय थो, बैल नाई."

"डोया तं डोयाच असते."

वडील घरी गेल्यावर तिनं आपल्या पिशवीतून कापूस काढला. रोज लोकांच्या दंडावर दाबायचा तोच. त्याचा बोळा करून पळसच्या उजव्या बाजूनं टाकला. त्यानं नजर खाली नेत तो पाहिला. डाव्या बाजूनं टाकला. काही नाही. पुन्हा टाकला. बोळ्याचा आवाज होत नाही, वास नाही, वारा नाही. तिनं अकरा बोळे टाकले. सगळे त्याच्या खुरांशी पांढरे पांढरे पडून राहिले आणि तो शांतपणे समोर बघत होता.

मग तिला कळलं की नागपूरला डावीकडून चाबूक येतानाही त्याला दिसला नव्हता. कुठून काय आलं, हे त्याला कळलंच नव्हतं. आणि तरी तिनं सांगितलं म्हणून तो न दिसणाऱ्या लाकडात शिरला होता.

हे सांगताना तिनं माझ्या रक्ताच्या नळीवर नाव लिहायला घेतलं होतं. ते चुकलं. तिनं चिठ्ठी फाडून दुसरी लावली.

डॉक्टर पौर्णिमा सरकारी दवाखान्यातल्या. त्या दुसऱ्या दिवशी वावरात आल्या, टॉर्च मारून दोन्ही डोळे पाहिले आणि सरळ बोलल्या. "रागिणीताई, मी गाई-म्हशींची डॉक्टर आहे. घोड्याच्या डोळ्याचं मी पुस्तकात वाचलंय, हातानं केलेलं नाही. मी पुण्याला विचारते." तिथूनच त्यांनी मोबाइलवर पुण्याच्या एका घोड्यांच्या डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी सांगितलं ते असं. डोळ्याच्या आतली सूज, ती येते आणि जाते, आणि प्रत्येक वेळी जाताना डोळ्याचा थोडा भाग घेऊन जाते. जुने लोक त्याचा संबंध चंद्राच्या कलांशी लावायचे. डावा डोळा गेला होता.

"कशानं झालं?" रागिणीनं विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. बऱ्याचदा साठलेल्या पाण्यातून, उंदरांच्या मुतातून एक जंतू शरीरात जातो. महिन्यांनी डोळ्यावर उठतो."

तो जंतू तिच्या ओळखीचा होता. पावसाळ्यात ती रोज माणसांच्या रक्तात तोच शोधायची. गोठ्यामागं पावसाचं डबकं साठायचं, पळस तिथं तोंड घालायचा, आणि तिला ते गमतीचं वाटायचं.

"आणि उजवा?"

पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "उजव्याचं सांगता येत नाही. राहील. कदाचित नाही राहणार. थेंब घालत राहा."

त्या थेंबांनी तिचं वर्ष खाल्लं. आधी डाव्याची सूज आणि दुखणं कमी व्हावं म्हणून, पुढं उजव्यासाठी. दिवसातून चार वेळा. पहाटे, दुपारी, संध्याकाळी, निजण्याआधी. दुपारचा थेंब घालायला ती लॅबमधून जेवणाच्या सुट्टीत निघायची, बडनेऱ्याच्या पुढं जाऊन परत यायची आणि डबा तसाच घरी न्यायची. नत्थुजींचा हात थरथरतो, त्यामुळे थेंब तिलाच घालावा लागे. औषध झोंबायचं. पळस मान वर उडवायचा. ती त्याच्या डोक्याला मिठी मारून लोंबकळायची, बोटांनी पापणी उघडायची आणि बाटली दाबायची. नत्थुजी दोर धरून उभे असत आणि झालं की त्याला गुळाचा खडा देत.

जानेवारीत सूज उतरली. शेखर सरांना तिनं फोनवर सगळं सांगितलं. "मीच हाताला दोष दिला तुझ्या," ते म्हणाले. "वीस साल घोड्यांत काढले अन् मला दिसलं नाही." मग आवाज नेहमीसारखा करून, "एका डोळ्याचे घोडे मी फौजेत पाहिलेत. उडी मारतात. एक आँख काफी है. आण त्याला."

आणि खरंच, त्या हिवाळ्यात पळस शिकला. वळणाच्या आधी मान थोडी फिरवून तो अडथळा उजव्या डोळ्यात घ्यायचा. साठ सेंटिमीटर, मग सत्तर. एका रविवारी अकोल्यात त्यानं सात अडथळ्यांची फेरी पोल न पाडता पूर्ण केली. शेखर सर टोपी काढून नाचले. त्या खेपेला रागिणी आमच्याकडे आली ती पेढे घेऊन. साखरेच्या रोग्याला पेढा देते म्हणून कुंदानं तिला रागावलं आणि स्वतःच माझ्या हातात अर्धा ठेवला. तिला तसं हसताना मी आधीही पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

रामनवमीच्या दोन दिवस आधी पळसचा उजवा डोळा पाझरू लागला.

या वेळी तिनं तासभरही घालवला नाही. डॉक्टर पौर्णिमा आल्या, इंजेक्शनं झाली, थेंब सहा वेळांवर गेले, डोळ्यावर ऊन येऊ नये म्हणून जाड जाळी. बारा दिवसांत डोळा निवळला. जूनमध्ये पुन्हा आला. ऑगस्टात पुन्हा. दरवेळी निवळायचा, आणि दरवेळी आधीपेक्षा जरा धूसर राहायचा, जसा काचेवर कुणी थोडा थोडा श्वास सोडत जावा. तिनं रजा टाकल्या. पुण्याच्या डॉक्टरांना फोटो पाठवले, तारखांनिशी. शेवटी शेवटी ते नुसतं "चालू ठेवा" असं उत्तर द्यायचे. एक दिवस तिनं डॉक्टर पौर्णिमांना विचारलं, "माझं काही चुकतंय का? वेळ? प्रमाण?"

"काहीच चुकत नाहीये," त्या म्हणाल्या. "सगळं बरोबर करतेयस. तरी जाणार आहे तो."

"चुकत असतं तर बरं झालं असतं, काका," ती मला म्हणाली. "सुधारता आलं असतं."

सप्टेंबरात अंजनगाव सुर्जीहून श्याम नावाचा एक घोडीवाला आला. वरातीला घोडे देणारा. त्याच्या कानावर कुठून तरी गेलं होतं. पळसभोवती दोन फेऱ्या मारून तो म्हणाला, "दिसाले मस्त हाय. आंधया झाला तरी चालते ताई, आमी तसेबी डोये झाकूनच नेतो."

"अन् फटाके? बँड?"

"शिकते थो. चार दिवस उपाशी ठेवलं का समदं शिकते."

तिनं त्याला तिथूनच परत पाठवलं. पण त्यानं दिलेला नंबर तिनं दोन दिवस मोबाइलमध्ये ठेवला होता. हे तिनं मला आपणहून सांगितलं. दोन दिवसांनी पुसून टाकला.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी ती नेहमीप्रमाणे गेली तर पळस गोठ्यात नव्हता. दावं तोडून तो वावरात गेला होता. सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या रानाच्या अगदी मध्यात तो उभा होता. तारेच्या कुंपणाला धडकून छाती फाटली होती, रक्त खुरांपर्यंत आलं होतं. चारही पाय फाकवून, मान ताठ, थरथरत. ज्या दिशेला पाऊल टाकावं तिथं काय आहे ते माहीत नाही, म्हणून तो कुठलंच पाऊल टाकत नव्हता.

तिनं लांबून हाक मारली. "पळस."

त्याचा कान फिरला. पाय हलला नाही.

तिनं पुन्हा पुन्हा हाका मारल्या. त्याच हाकेला तो रिंगणाच्या दुसऱ्या टोकाहून उधळत यायचा. मग ती हळूहळू बोलत चालत त्याच्यापर्यंत गेली आणि त्याच्या गालाला हात लावला. पळसनं जोरानं मान झटकली, मागं सरला, ढेकळात अडखळून जवळजवळ बसलाच. तिच्या हाताला स्पिरिटचा वास होता. त्या हातांना आता त्याच्या लेखी एकच अर्थ उरला होता.

"बाबा!" ती ओरडली. "बाबा, याले धरा, मले धरू देऊन नाई राह्यला!"

नत्थुजी आले ते एकटे आले नाहीत. ट्रॅक्टर आल्यावर त्यांनी बैलजोडी मोडली होती, पण एक म्हातारा बैल ठेवला होता. बोंड्या नाव त्याचं, कापसासारखा पांढरा. त्याला घेऊनच ते सावकाश रान तुडवत आले. बोंड्याच्या गळ्यातली घाटी टणटणत होती. पळसनं दोन्ही कान त्या आवाजाकडे केले. नत्थुजींनी बैल त्याच्या अंगाला अंग लागेल इतका जवळ आणून उभा केला, थोडं थांबले, मग बैलाला परत वळवलं. बोंड्या चालू लागला आणि त्याच्या बरगडीला खांदा लावून पळसही चालू लागला. सगळं रान पार करून ते दोघं गोठ्यात गेले. रागिणी मागून गेली.

त्या दिवसापासून ते दोघं शेजारी बांधले आहेत. बैल चरायला सुटला की घोडा घाटीच्या आवाजानं त्याच्यामागं चरतो. बैल पाण्याला जातो, घोडा जातो. गावातले लोक येऊन बघून जातात. दिवाळीनंतर डॉक्टर पौर्णिमांनी थेंब बंद करायला सांगितले; आता वाचवायला काही नव्हतं आणि दुखणंही राहिलं नव्हतं.

रागिणीला वाटलं होतं, थेंब थांबले की पळस विसरेल. महिना गेला, दोन गेले. तिनं साबण बदलला. वावरात जाताना आईचं जुनं लुगडं अंगावर घेतलं. गूळ हातात घेऊन उभी राहिली. तो गुळाच्या वासानं ओठ पुढं करायचा, मग तिचा श्वास ओळखून मान फिरवायचा.

"सोडून दे आता," नत्थुजी म्हणाले. "जित्ता हाय, खाऊन-पिऊन हाय. आणखी काय पाहिजे तुले?"

"मले काई नाई पाहिजे बाबा. त्याले कसं सांगू, येवढंच."

"थे सांगता येत नाई."

शेखर सरांच्या आग्रहानं ती रविवारी अकोल्याला जाऊ लागली. तिथल्या एका घोडीवर ती बसते, सत्तर-ऐंशी सेंटिमीटरच्या उड्या मारते. नीट मारते. मी विचारलं, कसं वाटतं? ती म्हणाली, "चांगली आहे घोडी. पण ती कान पुढं करते तेव्हा मला आता काहीच कळत नाही. पूर्वी तरी कुठं कळत होतं?" चाबूक ती बरोबर घेत नाही. सर म्हणतात, नियमानं चालतो, हाती ठेव. ती ठेवत नाही.

या जानेवारीत, संक्रांत होऊन गेल्यावर, मी आणि कुंदा पहिल्यांदा त्यांच्या वावरात गेलो. सुभद्राबाईंनी चहा केला, तिळाची वडी दिली. रिंगणात गवत वाढलं होतं आणि रंगीत बांबू नत्थुजींनी काकडीच्या वेलांना लावले होते. गोठ्यात पांढरा बैल आणि केशरी घोडा एकाच गव्हाणीत खात होते. मला वाटलं होतं त्यापेक्षा पळस फार मोठा होता. डोळे निळसर, दुधाळ, आणि दिसत असल्यासारखे आमच्याकडे वळलेले.

रागिणी खुरं साफ करायची लोखंडी आकडी घेऊन आली. ती डोक्याकडे गेलीच नाही. मागून फिरून, बोलत बोलत, त्याच्या पुढच्या पायाशी वाकली. नडगीवरून हात खाली नेला. पळसनं कान हलवले, जरा वाट पाहिली, आणि पाय उचलून तिच्या तळहातात दिला. तिनं खुरातली माती उकरली, पाय खाली ठेवला, दुसऱ्या पायाकडे गेली. त्यानं तोही दिला. चारही दिले.

"पाय देतो," ती आम्हाला म्हणाली. "मान देत नाही." आणि आकडी खिळ्याला अडकवून आमच्यासाठी खाट टाकायला गेली.